लागवडीआधी सांगा

निफाड तालुक्यात बांधाच्या एका अंगाला द्राक्षबाग आणि दुसऱ्या अंगाला कांदा, हे नेहमीचं दृश्य. जमीन तीच, पाणी तेच, शेतकरीही तोच. दोन्ही पिकं परदेशी जातात. पण नेदरलँडला द्राक्ष पाठवताना आपलंच सरकार आडवं येईल, अशी धास्ती शेतकऱ्याला नसते. ढाक्याला कांदा पाठवताना हीच धास्ती सगळ्यांत मोठी असते. जगाच्या बाजाराला देशानं दार किती उघडावं, यावर मी कॉलेजात बरीच वर्षं शिकवते आहे. या प्रश्नावर माझी खरी झटापट होते ती मात्र मामांशी. मामा 1980 च्या ऊस-कांदा आंदोलनात विशीतले होते, रेल्वे अडवायला गेले होते, आणि शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा खुल्या बाजाराचा विचार त्यांनी पुढे कधी सोडला नाही. मी उलट बाजूची. सरकारनं बाजाराला वळण लावल्याशिवाय गरीब देश वर येत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. कांद्याच्या चाळीपाशी बसून झालेलं आमचं बोलणं इथे मांडते.

मामा : तू पोरांना कोरियाचं उदाहरण देतेस म्हणे. काय सांगतेस?

मी : पोहांगच्या पोलाद कारखान्याचं सांगते. 1960 च्या दशकात दक्षिण कोरिया आपल्यासारखाच गरीब होता. पोलादाचा कारखाना काढायचा म्हणून परदेशी कर्ज देणाऱ्यांकडे गेले, तर त्यांनी पैसा द्यायला नकार दिला. हा उद्योग तुम्हाला परवडणार नाही, असं त्यांचं मत. सरकारनं हट्ट सोडला नाही. जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातला वाटा तिकडे वळवला, 1968 मध्ये कंपनी काढली आणि 1973 मध्ये पोलाद बाहेर पडायला लागलं. पुढे ती जगातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांत गणली गेली. तेव्हा बाजाराचं ऐकून गप्प बसले असते तर आजचा कोरिया दिसला नसता.

मामा : बरोबर आहे. पण तिथल्या सरकारनं शिस्त कुणाला लावली? कारखानदाराला. कर्ज हवं तर निर्यात करून दाखव, नाही दाखवलीस तर कर्ज बंद. आणि आपल्याकडे? माल परदेशात खपवून दाखवला की त्यालाच दार बंद.

मी : सरसकट नाही, मामा.

मामा : कांद्यापुरतं तरी सरसकटच. मी तारखा सांगतो, तू लिहून घे.

तारखा त्यांना तोंडपाठ आहेत. मी पडताळून पाहिल्या, त्या अशा. 29 सप्टेंबर 2019 रोजी कांद्याची निर्यात बंद झाली ती मार्च 2020 पर्यंत. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंद, ती 1 जानेवारी 2021 ला उठली. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क आलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य लागलं. 8 डिसेंबर 2023 पासून संपूर्ण बंदी. ती 31 मार्चपर्यंतच म्हणून जाहीर झाली होती, पण मुदत संपायच्या आत वाढवली गेली. 4 मे 2024 ला उठली, तीही 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 ला तेही गेलं.

मामा : यातली डिसेंबरची बंदी बघ. त्या महिन्यात बाजारात असतो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने धरता येतो. लाल धरता येत नाही, काढला की विकायचा. बंदी आली तेव्हा माल शेतात काढणीला होता. पंधरवड्यात लासलगावला भाव निम्म्याच्या आसपास आला. चांदवडला लोक रस्त्यावर उतरले. मी उतरलो नाही, गुडघ्यांनी साथ सोडलीय. पण ट्रॉली भरून नेली आणि मिळेल त्या भावात रिकामी करून आलो. आता सांग, कोणत्या अर्थशास्त्रात हे बसतं?

मी : शहरातल्या माणसाच्या ताटाच्या अर्थशास्त्रात. 2019 च्या अखेरीस पुण्यात कांदा शंभरी ओलांडून गेला होता. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तेव्हा पावशेर-पावशेर घेत होत्या. त्यांचं वेतन कांद्याबरोबर वाढत नाही. 1998 मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार निवडणूक हरलं, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा मोठा होता. सरकार घाबरतं ते उगाच नाही.

मामा : ग्राहकाच्या निर्देशांकात कांद्याचं वजन किती असतं?

मी : 2012 च्या मालिकेत 0.64 टक्के.

मामा : म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात चौसष्ट पैसे. आणि माझ्या वर्षाच्या उत्पन्नात कांदा किती, ते विचार. हे बघ, मावशींना स्वस्त कांदा मिळावा याला माझा विरोध नाही. सरकारनं बाजारभावानं विकत घ्यावा आणि रेशनवर निम्म्या भावात द्यावा. पण तो खिसा सरकारचा हवा. माझा का?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. उलट त्यांच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा मीच त्यांना दिला. 2018 मध्ये ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रिअर या संस्थांनी मिळून भारतीय शेतीधोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खतं, वीज, पाणी यांवरची सगळी अनुदानं धरूनही, 2000-01 ते 2016-17 या काळात धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याच्या एकूण मिळकतीत दरवर्षी सरासरी 14 टक्के घट झाली, असा त्यांचा हिशोब होता. निर्यातबंदी आणि बाजारावरची बंधनं अनुदानापेक्षा जास्त काढून नेतात, हा त्याचा अर्थ. शरद जोशी याला ‘उणे सबसिडी’ म्हणत आणि हे ते तीन दशकं आधीपासून मांडत होते. शेतकऱ्याला मदत मिळते आणि तरी तो बुडतो कसा, असं शहरात विचारणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

मामा : म्हणूनच डंकेल प्रस्तावाच्या वेळी आम्ही पाठिंबा दिला. 1991 च्या डिसेंबरात जागतिक व्यापार कराराचा तो मसुदा आला, तेव्हा कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना त्याच्या विरोधात रस्त्यावर होती. डावे विरोधात, स्वदेशीवाले विरोधात. आम्ही म्हणालो, येऊ द्या. जगातलं कुठलंच सरकार आपल्या शेतकऱ्याला लुटणार नाही इतकं आपलं लुटतंय, मग जगाच्या बाजाराला कशाला भ्यायचं?

मी : पण जगाचा बाजार तरी मुक्त कुठे होता? अमेरिकेनं आपल्या कापसाला इतकं अनुदान दिलं की ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला, खटला जिंकला, आणि तरी 2014 पर्यंत भांडण चाललं. शेवटी अमेरिकेनं 30 कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. अनुदान देणं काही थांबवलं नाही. आणि 2019 च्या डिसेंबरपासून त्या संघटनेचं अपील मंडळच बंद पडलंय, कारण अमेरिका सदस्य नेमू देत नाही. आता खटला जिंकला तरी हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच लटकतं. तुम्ही ज्या बाजारावर विश्वास टाकलात, त्याचे पंच उठून गेलेत.

मामा : पंच गेले म्हणून खेळ थांबतो का?

मी : थांबत नाही, दांडग्यांचा होतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं. तिरुपूरच्या कापड उद्योगाला धक्का बसला. त्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं काय केलं? कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकं विदर्भातला, खानदेशातला कापूस वेचणीला आला तेव्हा. मला सरकारनं बाजारात उतरायला हवं असतं, मामा, पण उतरून हे करायला नको असतं.

मामा : मग तू आणि मी एकच बोलतोय.

मी : नाही. तुम्ही म्हणता सरकार हटू दे. मी म्हणते, सरकारनं जागा बदलावी.

पोत्यावर बसल्या बसल्या त्यांनी चाळीच्या फटीतून हात आत घातला. कांद्याच्या ढिगात ऊब लागली की समजायचं, आत कुठेतरी सड सुरू झालीय. मग तेवढा भाग उपसायचा, काजळी धरलेला, मोड आलेला कांदा बाजूला टाकायचा आणि उरलेला परत भरायचा. सहा महिन्यांत वजनात घट येतेच, वर सड वेगळी. भाव वाढेल या आशेवर माल धरणाऱ्याला वरून पाहणारे साठेबाज म्हणतात. हा साठेबाज रोज सकाळी आपलं भांडवल हाताला गरम लागतंय का ते बघतो.

मी : द्राक्षाचं बोलू. तिथे माझा मुद्दा सिद्ध होतो. 1991 मध्ये पुण्यात महाग्रेप्स उभी राहिली, सहकारी संस्थांची मिळून. 1997 मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सरकारनं काढलं. 2003 मध्ये नेदरलँडमध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि युरोपचं दार बंद व्हायची वेळ आली. तेव्हा सरकारनं निर्यात बंद केली नाही. अंश तपासणीची व्यवस्था उभी केली. प्रत्येक बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळा, आणि पुढे ग्रेपनेट. रॉटरडॅमला उघडलेली पेटी कोणत्या बागेतून आली ते संगणकावर कळतं. हे बाजारानं आपोआप केलं?

मामा : बाजारानं करायला लावलं. गिऱ्हाईक म्हणालं, तपासून द्या, नाहीतर घेत नाही. गिऱ्हाइकानं रेटलं नसतं तर तुझी प्रयोगशाळा फायलीत राहिली असती. आणि 2010 विसरलीस? त्या वर्षी क्लोरमेक्वाट निघालं, वाढ रोखायला फवारतात ते. आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. कंटेनर युरोपात अडकले, बागाईतदार कर्जात गेले. कुणी दोन-दोन एकर विकले. तेव्हा तुझी व्यवस्था कुठे होती?

मी : चुकली होती. पण पुढच्या हंगामाआधी ते रसायन यादीत आलं, सल्ला आला, आणि माल पुन्हा गेला. चूक झाल्यावर दुरुस्ती करणारं सरकार असंच दिसतं. कांद्यात मात्र तीच चूक दर दोन-तीन वर्षांनी त्याच तऱ्हेनं होते.

मामा : हे मात्र खरं. द्राक्षात मला माहीत असतं काय करायचं. ऑक्टोबरात छाटणी, मग डिपिंग, थिनिंग. मणी अठरा मिलिमीटरचा करायचा, गोडी सोळाच्या वर आणायची, अमुक औषध काढणीआधी इतके दिवस बंद. कष्ट आहेत, पैसा लागतो, गारपीट झाली तर सगळं जातं. पण नियम छाटणीच्या वेळी जो असतो तोच काढणीच्या वेळी असतो. युरोपवाला कडक आहे, पण मधेच शब्द बदलत नाही.

मला वाटतं, त्या दिवसाच्या बोलण्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हे होतं, आणि ते मामांनी सहज, दुसरंच काही सांगताना म्हटलं. विकासाच्या धोरणावर पुस्तकं लिहिणारे उघडी अर्थव्यवस्था की बंद, यावर भांडतात. मीही त्यातलीच. पण निफाडच्या शेतकऱ्याला युरोपची कडक अट चालते आणि स्वतःच्या सरकारची अचानक आलेली सूट-बंदी चालत नाही, कारण पहिल्यावर बेत आखता येतो. कोरियातल्या कारखानदारालाही निर्यातीचं उद्दिष्ट आधी कळत होतं. आमच्या दोघांच्या भूमिकांत जे काही खरं आहे, ते या एका गोष्टीवर उभं आहे.

मी : मग आता तर शुल्क गेलं. 2025 च्या एप्रिलपासून दार सताड उघडं आहे. भाव का नाही वर गेला? त्या वर्षभर कांदा पडेल भावातच विकला गेला.

मामा : कारण गिऱ्हाईक गेलं. 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, आठवतं? भर सभेत म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, आता मी आचाऱ्याला सांगितलंय की जेवणात कांदा घालू नको. लोक हसले. मला हसू आलं नाही. 2020 ला पुन्हा बंदी आली तेव्हा सीमेवर ट्रक उभेच्या उभे राहिले, माल सडला. मग बांगलादेशानं पाकिस्तानकडून घेतला, इजिप्तकडून घेतला, चीनकडून घेतला. आणि स्वतःची लागवड वाढवली. आता त्यांचं पीक बाजारात असलं की ते आयातीचे परवानेच रोखून धरतात.

मी : म्हणजे बांगलादेशानं आपल्या शेतकऱ्याला संरक्षण दिलं आणि उत्पादन वाढवलं. हे माझ्या बाजूचं उदाहरण झालं.

मामा : झालं तर झालं. त्यांनी त्यांच्या शेतकऱ्यासाठी केलं. आपल्या बंदीनं आपल्या शेतकऱ्याचं नुकसान झालं आणि त्यांच्या शेतकऱ्याचा फायदा. त्यांनी आपल्या सरकारला पगार देऊन कृषिमंत्री म्हणून ठेवलं असतं तरी इतकं केलं नसतं. आणि आमच्याकडे बोलतात की द्राक्षावर त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलं, ते याच रागातून. ते खरं-खोटं मला माहीत नाही. पण कांद्याची बंदी द्राक्षाला बाधली, असं बागाईतदाराला वाटतं, हे खरं आहे.

तेलबियांवर आमचं फार बोलणं झालं नाही. तिथे दोघांचं दुखणं एकच आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आपण बाहेरून भागवतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क 27.5 टक्क्यांवर नेलं, आणि 30 मे 2025 ला, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर, मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. लातूरच्या शेतकऱ्यानं यातून काय समजायचं?

मी : मामा, मग असं करू. बंदीचा अधिकारच काढून घ्या म्हणण्यापेक्षा, ती केव्हा घालता येईल हे कायद्यात लिहू. किरकोळ भाव अमुक पटीनं वाढला तरच शुल्क, तेही पायरीपायरीनं.

मामा : लिहून झालंय ते. 2020 च्या त्या तीन कृषी कायद्यांपैकी एक होता. अत्यावश्यक वस्तूंचा.

त्यांचं बरोबर होतं. जून 2020 च्या अध्यादेशात कांदा-बटाट्यासाठी असा उंबरठा होता: किरकोळ भाव दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालता येणार नाही. 14 सप्टेंबरला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी, 15 सप्टेंबरला, लोकसभेनं हे विधेयक मंजूर केलं. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य देण्याची भाषणं सभागृहात चालू असताना कांद्याचे ट्रक सीमेवर अडकलेले होते. 23 ऑक्टोबरला साठ्यावरही मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळ विक्रेत्याला 2 टन. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात संसदेनं तिन्ही कायदे मागे घेतले.

मी : तो उंबरठा साठ्यापुरता होता. निर्यातीचा अधिकार 1992 च्या विदेश व्यापार कायद्यात आहे, तिथे कुणी हात लावला नाही. त्या कायद्याखाली अधिसूचना निघते, संसदेत जावं लागत नाही.

मामा : म्हणून रात्रीत निघते. मग ती फट बुजवा. माझ्या दोन अटी घाल त्यात. करार झालेला आणि बंदरावर, सीमेवर पोचलेला माल नव्या नियमातून वगळायचा. आणि जे काय करायचं ते लागवडीआधी सांगायचं. लाल कांद्याचं रोप टाकायच्या आधी, जूनमध्ये.

मी : दुष्काळ जूनमध्ये कळत नाही. 2023 चा ऑगस्ट सव्वाशे वर्षांतला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता. ते कुणाला आधी दिसलं?

मामा : त्यासाठी साठा ठेव. त्या ऑगस्टात क्विंटलला 2,410 रुपयांनी दोन लाख टन घेऊ म्हणून सरकारनं सांगितलंच होतं ना? घेणार ते टिकवणार कुठे, हे आधी बघ. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र उभं आहे, कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून काढलेलं. तिथून 2007 पासून अमेरिकेला आंबे जातात. कांदा अजून या चाळीतच आहे.

मी : त्याला विकिरणाबरोबर शीतगृहही लागतं. खर्च मोठा आहे. द्राक्षवाल्यांनी तपासणीचा, प्रीकूलिंगचा खर्च स्वतः उचलला. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं तर 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी आणले. कांदावाले शीतगृहासाठी पैसे काढतील?

मामा : काढतील. मीही काढीन, या वयात. पण त्या कर्जाचा हप्ता दहा वर्षं फेडायचाय, आणि तुझी अधिसूचना दहा तासांत येते. शीतगृहात माल धरला आणि भाव आला त्याच आठवड्यात बंदी आली तर? तू बँकेत असतीस तर असल्या धंद्याला कर्ज दिलं असतंस?

मी : दिलं नसतं.